धाकट्याने उडी ठरवलीय, मला बाल्कनीतही उभं राहवत नाही

पत्र:

"आम्ही तीन भावंडं. ताई ४७ वर्षांची, मी ४२, धाकटा ३५. गेली काही वर्षं आमचं बोलणं आईची औषधं आणि घराची कागदपत्रं एवढ्यावरच येऊन थांबलंय. दोन महिन्यांपूर्वी धाकट्याने आमच्या ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला आणि खाली लिहिलं, 'या वर्षी आपण तिघांनी टँडम स्कायडायव्हिंग करायचं. हात धरून उडी मारू.' ताईने पाच मिनिटांत 'डन' लिहिलं. मीही होकाराचा अंगठा टाकून मोकळी झाले. तेव्हापासून धड झोप नाही. मला चौथ्या मजल्यावरच्या बाल्कनीत कठड्यापाशी उभं राहवत नाही. पण लहानपणापासून घरात माझी ओळखच 'ऐनवेळी कच खाणारी' अशी आहे, त्यामुळे आता नाही म्हणायला तोंड नाही. त्यातून ताईला वर्षभरापासून ब्लडप्रेशरची गोळी चालू आहे. हे फक्त मला ठाऊक आहे, आणि कुणाला सांगायचं नाही म्हणून तिने शपथ घातलीय. तारीख सहा आठवड्यांवर आली. काय करू? – मधली"

प्रिय मधली,

आधी धाकट्याचा एक गैरसमज दूर करू. हात धरून उडी मारता येत नाही. टँडम म्हणजे तुम्ही आणि तुमचा इन्स्ट्रक्टर अशी जोडी. तुमच्या अंगावरचा हार्नेस त्याच्या हार्नेसला चार ठिकाणी अडकवलेला असतो, दोन कड्या खांद्यांपाशी आणि दोन कमरेपाशी. पॅराशूट त्याच्या पाठीवर, तुम्ही त्याच्या छातीशी, दोघांची तोंडं एकाच दिशेला. अशा तुमच्या तीन जोड्या होतील. त्या दारातून एकीमागून एक बाहेर पडतील, आणि मध्ये काही सेकंदांचं अंतर मुद्दाम ठेवलेलं असेल, कारण पॅराशूट उघडताना शेजारी दुसरं कुणी असणं धोक्याचं. तुमची पाळी येईल तेव्हा ताई खाली कुठेतरी ठिपका झालेली असेल, नाहीतर धाकटा अजून विमानातच बसलेला असेल. शिवाय विमान सेस्ना १८२ एवढं लहान असलं तर त्यात पायलट सोडून दोनच जोड्या मावतात, तिसऱ्याला पुढच्या फेरीपर्यंत जमिनीवर थांबावं लागतं. हे आत्ताच फोन करून विचारून घ्या. तिथे पोचल्यावर मागे कोण राहणार यावरून रुसवेफुगवे नकोत.

हे इतकं सविस्तर सांगतेय, कारण तुमची निम्मी धास्ती 'आम्ही तिघं' या दोन शब्दांनी वाढवलीय. तिघांनी हो म्हटलं, मग मी एकटीने नाही कसं म्हणायचं? पण दारात गेल्यावर तिथे तिघं नसतातच. प्रत्येक जण एकटा, आणि तोही अर्ध्या तासापूर्वी भेटलेल्या माणसाला बांधलेला.

तिघांचं जे काही असतं ते उडीच्या आधी आणि नंतर. आठ वर्षांपूर्वी मी, माझा दादा आणि आमची धाकटी बहीण असेच गेलो होतो. सकाळी सातला पोचलो आणि आभाळ भरून आलं. ढग खाली असले की टँडमची विमानं वर जात नाहीत, वारा ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला तरी थांबवतात. आम्ही पाच तास प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसून होतो. फोन लॉकरमध्ये. बोलण्यासारखं सगळं पहिल्या तासातच संपलं. मग दादा अचानक म्हणाला, बाबा आजारी होते तेव्हा मी रोज रात्री दवाखान्याच्या जिन्यात जाऊन रडायचो. आम्ही दोघी इतकी वर्षं समजत होतो की हा सिगरेट ओढायला जातो. उडीतलं मला आता तुटक तुटक आठवतं. त्या खुर्च्या मात्र रंगासकट आठवतात.

म्हणून तिघांनी जायचं ठरलंय ना, तर जा. जाणं आणि उडी मारणं या दोन गोष्टी मात्र मनात वेगळ्या करा. जायला हो म्हणा. उडीचं उत्तर अजून द्यायचंय असं धरा.

आता तुमची बाल्कनी. कठड्यापाशी पाय का लटपटतात? तिथे तुमच्या पायाखालून एक भिंत सरळ खाली गेलेली दिसते, खालची माणसं आणि गाड्या ओळखू येतात, आणि आपण किती उंचावर आहोत याचं माप डोळे बरोबर घेतात. विमान तुम्हाला साधारण तीन ते साडेचार हजार मीटरवर नेतं. तिथून जमीन नकाशासारखी दिसते. तुम्हाला तिच्याशी जोडणारी भिंत नाही, कडा नाही. त्यामुळे बाल्कनीला भिणाऱ्या बऱ्याच जणांना विमानात उंचीची ती विशिष्ट शिरशिरी येतच नाही. तुम्हाला येणार नाही असं वचन मी देत नाही. दार उघडतं तो क्षण सगळ्यांसाठीच वाईट असतो. वाऱ्याचा आवाज एकदम आत घुसतो, हवा बोचरी गार असते (चार हजार मीटरवर जमिनीपेक्षा साधारण २५ अंशांनी थंड), आणि आतापर्यंत थट्टामस्करी करणारा तुमचा इन्स्ट्रक्टर एकदम गप्प आणि नेमका होतो. मला त्या गप्प होण्याची भीती वाटली होती. नंतर कळलं, तो त्याचं काम करत होता.

दुसरी भीती असते पोटात गोळा येण्याची, आकाशपाळणा वरून खाली येताना येतो तसा. इथे तो बहुतेकांना येत नाही. विमान आधीच वेगात पुढे चाललेलं असतं, तुम्ही बाहेर पडता तेव्हा तोच वेग तुमच्याही अंगात असतो, आणि तुम्ही आधी पुढे व मग वळत वळत खाली जाता. उभ्याने कोसळल्यासारखं वाटत नाही. बाहेर पडल्यावर काही सेकंदांत इन्स्ट्रक्टर मागे एक छोटं पॅराशूट सोडतो, त्याला ड्रोग म्हणतात. दोन माणसांचं वजन एकत्र असल्यामुळे ही जोडी एकट्या माणसापेक्षा खूप जोरात पडली असती. ड्रोग तिला मागून ओढून धरतो आणि वेग ताशी २०० किलोमीटरच्या आसपास राहतो. हे सगळं चालतं फार तर पाऊण ते एक मिनिट. मग जमिनीपासून साधारण दीड हजार मीटरवर मोठं पॅराशूट उघडतं, खांद्याला आणि मांड्यांना हिसका बसतो, आणि आवाज बंद होतो. इतका बंद, की मागच्या माणसाशी साध्या आवाजात बोलता येतं. पुढची पाच-सात मिनिटं तरंगत खाली यायचं.

मला मळमळलं ते इथे, वर नाही. 'काही खाऊन येऊ नका' असं कुणीतरी सांगितलं होतं म्हणून मी उपाशीपोटी गेले, आणि इन्स्ट्रक्टरने मला खूश करायला पॅराशूटच्या गोल गोल गिरक्या घेतल्या. हलकं काहीतरी पोटात असू द्या, आणि 'गिरक्या नकोत' हे विमानात चढण्याआधीच सांगून ठेवा. ते ऐकतात.

आकडे हवे असतील तर देते, पण आकड्यांनी धडधड कमी होते असा माझा अनुभव नाही. अमेरिकेतल्या पॅराशूट संघटनेच्या नोंदींनुसार २०२३ साली तिथे सुमारे साडेछत्तीस लाख उड्या झाल्या आणि १० माणसं दगावली. ही संख्या सगळ्या प्रकारच्या उड्यांची आहे. निव्वळ टँडमच्या विद्यार्थ्यांचं प्रमाण तीच संघटना दहा वर्षांच्या सरासरीत पाच लाख उड्यांमागे एक असं सांगते. हे आपोआप घडत नाही. पाठीवरच्या पिशवीत मुख्य पॅराशूटशिवाय एक राखीव असतं, आणि हवेचा दाब मोजणारं एक छोटं यंत्र असतं. ठरलेल्या उंचीखाली आल्यावरही वेग कमी झालेला नसला तर ते यंत्र राखीव पॅराशूट स्वतःहून उघडतं. तुम्ही जिथे जाणार आहात तिथे हे यंत्र लावलेलं आहे का, राखीव पॅराशूट शेवटचं कधी तपासून घडी घातलं, इन्स्ट्रक्टरच्या टँडमच्या उड्या किती झाल्या, हे विचारा. उत्तर देताना समोरचा वैतागला तर तिथून निघून या. तेव्हा 'कच खाल्ली' म्हटलं तर म्हणू द्या.

ताईचं मात्र मला तुमच्या भीतीपेक्षा गंभीर वाटतं.

गोळी चालू असली आणि ब्लडप्रेशर ताब्यात असलं, तर डॉक्टरांच्या संमतीने अनेक जण उडी मारतात. म्हणजे ताईचं जाणं रद्दच व्हायला हवं असं नाही. पण दारात उभं राहिल्यावर धडधडतं छाती फुटेस्तोवर आणि दाबही वर जातो, हवा विरळ असते, वरून पॅराशूट उघडतानाचा हिसका. तिचा दाब एरवी किती असतो, कुठली गोळी आहे, हृदयाची तपासणी झालीय का, हे सगळं बघून हो किंवा नाही म्हणायचं काम तिच्या डॉक्टरांचं. तुमचं नाही, माझं नाही, आणि 'डन' लिहिणाऱ्या ताईचंही नाही.

तिथे गेल्यावर एक फॉर्म भरायला देतात. हृदयविकार, रक्तदाब, फिट, पाठीचा किंवा खांद्याचा त्रास, नुकतंच झालेलं ऑपरेशन, गरोदरपण असे प्रश्न त्यात असतात. लोक त्यावर भराभर 'नाही'च्या खुणा करत सुटतात, कारण मागे रांग असते. ताईही तसंच करेल अशी मला शंका आहे. तिला एक गोष्ट सांगा. उतरताना टँडममधल्या पाहुण्याला दोन्ही पाय पुढे सरळ वर उचलून धरावे लागतात, म्हणजे इन्स्ट्रक्टरचे पाय आधी टेकतात किंवा दोघं बसल्या बसल्या घसरत थांबतात. पाहुणा वर बेशुद्ध पडला तर त्याचे पाय लोंबकळत राहतात, आणि दोघांचं वजन त्या एका माणसाने सांभाळून उतरायचं असतं. ज्याला आपल्याबद्दल काही माहिती नाही अशा माणसाच्या जिवाशी ताई खोटं बोलणार आहे. स्वतःच्या तब्येतीबद्दल ती बेफिकीर असेल, पण मोठी बहीण दुसऱ्याच्या जिवाबद्दल सहसा बेफिकीर नसते.

हे तिला एकटीला गाठून सांगा. फोनवर नको, ग्रुपवर तर नकोच. शपथ दुसऱ्यांना न सांगण्याची आहे, तिच्याशी बोलायला ती आड येत नाही. आणि स्वतःपासून सुरुवात करा: 'ताई, मला भयंकर भीती वाटतेय, झोप लागत नाहीये.' तुमचं गुपित तुम्ही तिच्या हातात दिलंत की तिचं बाहेर यायला वाट मिळेल. मग म्हणा की या आठवड्यात मी तुझ्याबरोबर डॉक्टरांकडे येते. तिने उडवून लावलं, तर 'फॉर्म भरताना मी शेजारी बसणार आहे' एवढं शांतपणे सांगून ठेवा. आणि त्या दिवशी तिने खरोखरच खोटी खूण केली, तर शपथ मोडा. तिथेच, सगळ्यांसमोर. ताई वर्षभर रुसेल. रुसलेली ताई परवडते.

धाकट्याला तिचं काही सांगू नका. स्वतःचं सांगा, आणि आजच सांगा. भीड ही भिकेची बहीण म्हणतात, आणि तुम्ही तर भिडेपोटी तो अंगठा दाखवून बसलात. त्याला लिहा, 'मी येणार हे नक्की. उडी मारेन की नाही हे तिथे ठरवेन. चिडवायचं असेल तर आत्ता चिडवून घे.' शेवटचं वाक्य गाळू नका. शेंडेफळांना चिडवण्याची हौस असते, ती फोनवर फिटलेली बरी, विमानात नको. मला वाटतं, त्याने उडी काढली ती उडीसाठी नाहीच. औषधं आणि कागदपत्रं यांच्यापलीकडचा विषय त्याला सापडत नव्हता. तुम्हा दोघींपेक्षा तो इतका लहान, की तुम्ही दोघी एकत्र वाढलात आणि तो मागून आला. आता तो तुम्हाला आपल्या वाटेला ओढतोय. थोडं ओढू द्या.

(भावंडांना असलं वेड लागणं नवीन नाही. २२ ऑक्टोबर १७९७ रोजी पॅरिसमध्ये आंद्रे-जाक गार्नरँ नावाच्या माणसाने फुग्यातून पॅराशूटने उडी मारली, पॅराशूट हेलकावे खात खात खाली आलं. त्याचा थोरला भाऊही फुग्यांच्याच नादातला, आणि त्या भावाच्या मुलीने, एलिझाने, पुढे पॅराशूटच्या उड्यांचे जाहीर प्रयोग करून नाव कमावलं. टँडम त्या मानाने कालचं, १९८० च्या दशकातलं. तोवर पहिली उडी मारायची तर प्रशिक्षण घेऊन एकट्यानेच मारावी लागे. म्हणजे ही सोय झालीच मुळी तुमच्या-माझ्यासारख्यांसाठी.)

विमान वर गेल्यावरसुद्धा नाही म्हणता येतं, हे लक्षात असू द्या. पैसे बहुधा परत मिळत नाहीत, पण विमान तर उतरणारच असतं, तुम्ही त्यात बसून उतरता. फक्त हे दारात पोचण्याआधी, स्पष्ट शब्दांत सांगा. दाराच्या चौकटीला धरून बसणं सगळ्यात वाईट. त्यात तुमचा खांदा आणि इन्स्ट्रक्टरचा तोल दोन्ही धोक्यात येतात, म्हणून तर हात छातीशी घेऊन हार्नेसचे पट्टे धरायला सांगतात. हनुवटी वर, कंबर पुढे, पाय मागे वळवून इन्स्ट्रक्टरच्या पायांमध्ये. त्याने खांद्यावर थाप मारली की हात पसरायचे. श्वास कोंडल्यासारखं वाटलं तर ओरडा. ओरडायला आधी हवा आत घ्यावी लागते, त्यामुळे श्वास आपोआप सुरू होतो. मी जे काही ओरडले ते व्हिडिओत ऐकू येत नाही, हे बरंच आहे.

या सहा आठवड्यांत करण्यासारखी एकच तालीम आहे. खुर्चीच्या कडेवर बसायचं, दोन्ही हात गुडघ्यांखाली घालायचे, पाय सरळ करून कमरेच्या उंचीपर्यंत उचलायचे आणि दहापर्यंत मोजायचं. ऐकायला सोपं वाटतं. ताईलाही करायला लावा. बाकी बांधलेल्या नाडीचे बूट, गळ्यातलं-कानातलं घरी, चष्मा असेल तर आधी सांगायचं म्हणजे त्यावर बसणारा गॉगल मिळतो, आणि त्या आठवड्यात सर्दीने नाक-कान चोंदले असतील तर तारीख पुढे ढकलायची, कारण उंची झपाट्याने बदलताना कान असह्य दुखतात. हो, आणि सगळ्यांचं वजन काट्यावर करतात, कारण वजनाला मर्यादा असते. तिथे धाकट्याला पहिला उभा करा.

माझ्या धाकट्या बहिणीचं सांगायचं राहिलं. फॉर्म भरता भरता तिने पेन खाली ठेवलं आणि म्हणाली, मी नाही मारत. दादाने दहा मिनिटं छळलं, मग सोडून दिलं. आम्ही दोघं वर गेलो आणि ती मैदानाच्या कडेला उभी राहिली. विमानाचा आवाज बारीक झाला, मग आभाळात चार पॅराशूट उघडली, आणि त्यातलं आपलं कुठलं हे तिला कळेना. ती चारी मोजत, चौघांसाठी जीव मुठीत धरून, मान मोडेपर्यंत वर बघत राहिली. खाली उतरल्यावर मला पहिल्यांदा दिसली ती ती, रडून लाल झालेली आणि माझ्यावर ओरडणारी, "रंग का नाही सांगितलास!"

तेव्हा तुम्ही शेवटी खालीच थांबायचं ठरवलंत, तर चढण्याआधी दोघांच्या पॅराशूटचे रंग इन्स्ट्रक्टरकडून विचारून घ्या.